इंजेक्शन लागू पडते आहे का?

मल्टिपल स्क्लेरोसिसचे रुग्ण मला हा प्रश्न हमखास विचारतात. या आजारात आपल्याच पांढऱ्या पेशी मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण कुरतडतात. १९९३ पासून वापरात असलेले बीटा इंटरफेरॉन त्यांना आवर घालते. कोणती जनुके जागी आणि कोणती निद्रिस्त, यावर पेशीचे वागणे ठरते. इंटरफेरॉन पोहोचले की पांढऱ्या पेशींतील 'एमएक्सए' जनुक जागे होते; रक्ततपासणीत ते कळते. काहींच्या शरीरात औषधाविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. मग हे जनुक निजलेलेच राहते आणि औषध बदलावे लागते. ही तपासणी सर्वत्र होत नाही. म्हणून दृष्टी अंधूक झाली, हातपाय बधिर झाले, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. इंजेक्शन मात्र परस्पर बंद करू नये.