उभ्या गाडीची बॅटरी कशी जपावी?

बचत गटांच्या बैठकांसाठी नांदेड आणि लातूरकडच्या गावांत फिरताना आम्हाला बऱ्याच घरी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवलेली जुनी गाडी दिसते. कुठे मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, तर कुठे अँबॅसडर. सासऱ्यांनी हौसेने घेतलेली असते, म्हणून विकवत नाही. मुले पुण्याला नोकरीला, त्यामुळे रोज चालवायला कुणी नाही. किल्ली मात्र घरातल्या बाईकडे असते.

अशी गाडी खंडेनवमीला धुऊन, हार घालून पुजली जाते. एखाद्या लग्नाला निघते. कधी रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे असते. नेमकी त्याच वेळी किल्ली फिरवली की नुसता कट-कट आवाज येतो. मग नवी बॅटरी, म्हणजे काही हजारांचा खर्च. हा खर्च बऱ्याच अंशी टाळता येतो आणि ते काम आपण बायका करू शकतो. म्हणून आजचा विषय हा.

बॅटरी गाडी न चालवता का उतरते? बॅटरी म्हणजे आपले बचत खाते समजा. गाडी चालते तेव्हा इंजिनवर फिरणारा डायनमो किंवा अल्टरनेटर खात्यात भरणा करतो. गाडी उभी असली तरी थोडी वीज आतल्या आत कमी होतच राहते. घड्याळ किंवा मागून बसवलेला टेप असेल तर तोही रोज थोडी काढतो. उन्हात ही गळती वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालची बॅटरी लवकर उतरते.

उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की खरे नुकसान होते. आतल्या शिशाच्या प्लेटांवर पांढरट थर धरतो. सुरुवातीला तो चार्जिंगने विरघळतो. पण महिनोन् महिने राहिला तर कडक होतो आणि मग कितीही चार्ज केले तरी बॅटरी वीज धरत नाही. म्हणून मुख्य नियम एकच : बॅटरी उतरलेल्या स्थितीत ठेवायची नाही.

यावर बऱ्याच घरी एक उपाय करतात. आठ दिवसांनी गाडी जागेवरच दोन मिनिटे चालू करायची आणि बंद करायची. याने समाधान मिळते, बॅटरीला फायदा होत नाही. गाडी सुरू होताना बॅटरीतून एकदम मोठा भार ओढला जातो. जुन्या गाड्यांतला डायनमो इंजिन हळू फिरत असताना जवळजवळ काहीच भरत नाही. म्हणजे दर आठवड्याला काढायचे आणि भरायचे नाही. गाडीची कागदपत्रे आणि विमा चालू असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्या. नांदेडच्या मैत्रिणींनी विष्णुपुरीपर्यंत जाऊन यायला सांगावे.

गाडी महिनाभर निघणारच नसेल तर बॅटरीची वायर काढून ठेवा. गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर आधी काढायची आणि बसवताना शेवटी बसवायची. उलट केले तर पाना बॉडीला लागून ठिणगी उडू शकते. हाताला धातूच्या बांगड्या, अंगठी असेल तर आधी काढा. मंगळसूत्र आणि पदर आत खोचा. बॅटरीच्या दोन टोकांना धातू लागला तर तो क्षणात तापून हात भाजतो.

वायर काढली तरी आतली गळती थांबत नाही, म्हणून महिन्याने चार्जिंग लागते. बारा व्होल्टचा, बॅटरी भरली की आपोआप थांबणारा चार्जर घ्या. गटात चार-पाच घरी अशा गाड्या असतील तर सर्वांत मिळून एक पुरतो. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या क्षमतेच्या साधारण दहावा भाग असावा, म्हणजे 40 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 4 अँपिअर. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करा. जवळ चूल, दिवा, उदबत्ती, बिडी नको.

बॅटरी किती भरली हे साध्या मल्टिमीटरवर कळते. गाडी आणि चार्जर बंद करून काही तासांनी मोजा.

12.6 व्होल्ट किंवा जास्त : भरलेली.
12.4 : चार्ज करायची वेळ झाली.
12.2 : निम्मी उरली, आजच चार्ज करा.
12 च्या खाली : जवळजवळ रिकामी.

बॅटरीला पाण्याची झाकणे असतील तर महिन्याला पातळी पाहा. प्लेटा पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार बॅटरी खराब करतात. जोर वाढावा म्हणून ॲसिडही घालू नका.

टोकांवर पांढरा-हिरवा थर आला तर झाकणे घट्ट लावून, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा. पुसून, वायरी घट्ट बसवून वरून व्हॅसलीन लावा. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर किमान पंधरा मिनिटे धुवा आणि तसेच दवाखान्यात जा.

गटाच्या हिशेबाची वही आपण ठेवतोच. तशीच एक छोटी वही गाडीसाठी ठेवा. तारीख, व्होल्ट, पाणी घातले की नाही, एवढे तीनच रकाने. आकडा महिन्यागणिक लवकर उतरायला लागला की बॅटरी थकली हे आधीच कळते आणि अडचणीच्या रात्री फजिती होत नाही.

शेवटची गोष्ट. जुनी बॅटरी घरी फोडू नका, फोडू देऊ नका. तिच्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, तिचे पैसेही वजा होतात. हे काम पुढच्या बैठकीनंतर एकीच्या गाडीवर सगळ्या मिळून करून पाहा. एकदा हाताखालून गेले की मेकॅनिकची वाट पाहावी लागत नाही.