पाणी जिरलं, पण पुरणार कसं?

'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा आता गावोगावच्या भिंतींवर जुनी झाली. चर खोदले गेले, नालाबांध झाले. दोन-तीन वर्षं विहिरी तुडुंब राहिल्या आणि मग पुन्हा मार्च महिन्यातच मोटार हवा ओढू लागली, असा अनुभव अनेक गावांचा आहे. "कामं बोगस झाली" असे म्हणून आपण मोकळे होतो. काही ठिकाणी ते खरेही असते. परंतु पुष्कळदा काम चांगले असते, हिशेब चुकलेला असतो. तो हिशेब शेतकरी बंधूंनी समजून घ्यावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पायाखालची कोठी लहान

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगांचा किंवा मांजऱ्या खडक आणि त्याखाली घट्ट पाषाण. पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत. ही कोठी फार लहान. १०० घनफूट खडकातून उपशाला मिळणारे पाणी साधारण २ घनफूट. म्हणूनच चांगला पाऊस झाला की विहीर भराभर चढते, आणि उपसा सुरू झाला की तितक्याच भराभर उतरते.

माथा ते पायथा

मृद व जलसंधारणाची कामे ही कोठी भरण्यासाठी आहेत. डोंगरउतारावर ६० सें.मी. रुंद व ३० सें.मी. खोल सलग समपातळी चर काढले, माती खालच्या अंगाला टाकून तिच्यावर गवत व झाडे लावली, की धावते पाणी थांबते आणि मुरायला वेळ मिळतो. शेतात बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी हवी. ओघळीत दगडी बांध आणि सर्वांत शेवटी नालाबांध. हा क्रम उलटा केला, तर वरची माती वाहून येऊन बांध गाळाने भरतो. गाळाचा थर बसला की पाणी दिसतं, पण जिरत नाही.

नाला खोलीकरणातही तारतम्य पाहिजे. गाळ काढा, मुरूम उघडा करा आणि थांबा. पाण्याला वाट देणारा मुरूमच खरवडून पाषाणापर्यंत गेलो, तर पाणी जिरण्याऐवजी उन्हाने उडते. शिवाय काठच्या विहिरींचे पाणी उलट नाल्यात ओढले जाते.

मीटरभर पाण्याचा भाव

आता बेरीज-वजाबाकी पाहू. एक हेक्टर रानाखाली भूजलाची पातळी १ मीटरने वाढली, म्हणजे वर सांगितलेल्या प्रमाणात सुमारे २ लाख लिटर पाणी वाढले. हरभऱ्याला ६ सें.मी.च्या दोन पाळ्या दिल्या, तर हेक्टरी १२ लाख लिटर लागतात. म्हणजे ६ हेक्टरांची मीटरभर वाढ. मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी सुमारे २ कोटी लिटर धरा. म्हणजे १०० हेक्टरांची मीटरभर वाढ एक हेक्टर ऊस पिऊन टाकतो! त्यातले थोडे पाणी परत मुरते हे खरे, पण त्याने कोठी भरत नाही. ठिबकाने बचत होते. मात्र वाचलेल्या पाण्यावर ऊसच वाढवला, तर मिळवलं काय?

बोअरचेही तसेच. तुमच्या २०० फूट बोअरला पाणी लागलं, की शेजारी ३०० फूट मारतो. पाणी वाढत नाही, फक्त खोल जातं.

हिवरे बाजारने काय केले?

अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. १९९० च्या दशकात आदर्श गाव योजनेत तिथे चर, बांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली. चरांची कामे इतरत्रही झाली आहेत. या गावाने पुढचे पाऊल टाकले: शेतीसाठी बोअरला बंदी, उसाला व केळीला बंदी, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरेल त्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवायचे. सरपंच राहिलेले पोपटराव पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हा मान गावाच्या या शिस्तीचाही आहे.

ग्रामसभेने एवढे करावे

गावात पर्जन्यमापक बसवून रोजची नोंद ठेवावी. वरची, मधली व खालची अशा पाच-सहा विहिरी निवडून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत दोरीने पातळी मोजावी व आकडे फळ्यावर लिहावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मार्गदर्शन घ्यावे. ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, पेरणीपूर्वी, रब्बीची पिके ठरवावीत. सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घेण्यास कायद्याने मनाई आहे. ती सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी भिडेखातर सोडू नये.

विहीर ज्याची त्याची असली, तरी खालचे पाणी साऱ्या शिवाराचे आहे. चर खोदायला शासनाचा निधी मिळेल, पण उपसा आवरायला गावानेच बसून ठरवावे लागेल.