सेजब्रश

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील रुक्ष प्रदेशांत वाढणारे हे करडे, सुगंधी व सदाहरित झुडूप आहे. याचे लॅटिन नाव आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा (कुल-कंपॉझिटी) असून महाराष्ट्रात परिचित असलेला दवणा याच प्रजातीतील आहे. नेव्हाडा, यूटा, आयडाहो, ऑरेगन, वायोमिंग इ. राज्यांतील पठारांवर व दऱ्यांत याचे विस्तीर्ण पट्टे आढळतात. १९१७ मध्ये नेव्हाडाने याला राज्यपुष्पाचा मान दिला.

उंची सामान्यतः ०·५ ते ३ मी.; पाने पाचरीसारखी, टोकास बहुधा तीन दात असलेली व रुपेरी लवेने आच्छादलेली असतात. लवेमुळे पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. वसंतात आलेली मोठी पाने उन्हाळ्यात गळतात; लहान पाने हिवाळाभर टिकतात. सोटमूळ खोल जाते, तर उथळ मुळे पृष्ठभागाजवळचा ओलावा घेतात. खोल थरांतील पाणी मुळांवाटे रात्री वरच्या कोरड्या मातीत सोडले जाते व दिवसा पुन्हा शोषले जाते, असे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. लहान, पिवळसर स्तबकांचा फुलोरा उन्हाळ्याच्या अखेरीस येतो. परागण वाऱ्याने होते.

लागवड : याच्या प्रमुख उपजाती तीन. ट्रायडेंटाटा दऱ्यांतील खोल मातीत, वायोमिंजेन्सिस उथळ व अधिक कोरड्या जमिनीत आणि व्हासेयाना डोंगराळ, थंड भागात वाढते. स्थळाशी न जुळणारी उपजात लावल्यास रोपे टिकत नाहीत. म्हणून बी शक्यतो जवळच्याच प्रदेशातून घेतात. फळे शरदाच्या अखेरीस पिकतात. बी अतिशय बारीक असून एक किग्रॅ. मध्ये ते कित्येक लाख भरते. ते खोल पुरल्यास अंकुर वर येत नाही. त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडाशी किंवा बर्फावर ते फेकून पेरतात अथवा मातीवर टाकून हलके दाबतात. साध्या साठवणीत त्याची उगवणशक्ती लवकर घटते. रोपवाटिकेत वाढविलेली रोपे लावणे खर्चाचे असले, तरी तेथे यशाची शक्यता अधिक असते. भरपूर ऊन व उत्तम निचरा आवश्यक असतो. रुजलेल्या झुडपास उन्हाळ्यात वारंवार पाणी दिल्यास मुळे कुजतात. खताची गरज सहसा नसते.

संवर्धन : वणव्यात जळालेले झुडूप बुंध्यापासून पुन्हा फुटत नाही. बी मातीत फार काळ जिवंत राहत नाही व बहुतांशी मातृवृक्षाजवळच पडते. म्हणून मोठ्या जळित क्षेत्राच्या मध्यभागी झुडपे आपोआप परतण्यास दशके लागतात. यूरेशियातून आलेले चीटग्रास हे वर्षायू गवत ती जागा व्यापते, उन्हाळ्याच्या सुरुवातीस वाळते आणि पुढील वणव्यास इंधन पुरविते. अशा रीतीने वणव्यांची वारंवारता वाढून झुडपास परतण्याची संधीच मिळत नाही. २०१५ मध्ये आयडाहो व ऑरेगन राज्यांतील ‘सोडा’ वणव्यात सु. १ लाख १३ हजार हेक्टर क्षेत्र जळाले. त्यानंतर तेथे मोठ्या प्रमाणावर पेरणी व रोपलावणी करण्यात आली. सेज ग्राउज हा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ केवळ याच्या पानांवर जगत असल्याने झुडपाचा ऱ्हास हा त्याच्याही ऱ्हासाचे कारण ठरतो. यामुळे योग्य उपजातीचे ताजे बी आणि पेरणीचा अचूक काळ यांना येथे निर्णायक महत्त्व आहे.