बीकॉमला कमी गुण आणि एमबीए

बीकॉमला ५१ टक्के मिळालेल्या आपल्यातल्या एका मुलाचे वडील परवा म्हणाले, "आता कसलं एमबीए?" म्हणून हे लिहितो.

कॅटला बसायला पदवीचे ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींना आणि दिव्यांगांना ४५. कर्नाटकच्या पीजीसीईटीलाही सर्वसाधारण गटाला ५०च. म्हणजे दार बंद नाही. मात्र आयआयएम अहमदाबाद दहावी-बारावीपासूनचे गुण मोजते, तिथे फार आस धरू नये.

महाराष्ट्राच्या सीईटीची वाट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना तिथे महाराष्ट्राचे उमेदवार धरतात, आणि आपला सुपे तालुका, म्हणजे आताचा जोयडा, त्या दाव्यात आहे. रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला लागतो. तो आधीच काढून ठेवा. शेवटच्या आठवड्यात कचेरीत साहेब रजेवर असतात!

मुलाखतीत कमी गुणांबद्दल विचारतीलच. बँकेत कर्जाचा अर्ज तपासताना मी जुनी थकबाकी पाहायचो, पण त्यानंतरचे हप्ते कसे भरले तेही पाहायचो. मुलाने कारण दोन वाक्यांत खरे सांगावे आणि पदवीनंतर काय केले त्यावर बोलावे. त्या मुलाने दोन वर्षे दुकानाचे हिशेब सांभाळलेत. अर्जात त्याने ते लिहिलेच नव्हते.