चारुदत्ताची ठेव आणि मामांची बंदूक

‘मृच्छकटिक’ नाटक शिकवताना दर वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच, “सर, दागिने चोरीला गेले, यात चारुदत्ताचा काय दोष?” वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेले अलंकार रात्री मैत्रेयाच्या हवाली होते. शर्विलकाने भिंतीला भोक पाडले आणि झोपेत बरळणाऱ्या मैत्रेयाने ते गाठोडे आपल्याच हाताने त्याला दिले! चारुदत्ताने भरपाई म्हणून पत्नीची रत्नावली पाठवली. हा झाला सज्जनाचा न्याय. पण कायद्याचा न्याय काय?

आपल्या धर्मशास्त्रकारांनी यावर पुष्कळ खल केला आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत निक्षेपाचा, म्हणजे ठेवीचा, क्रम दुसरा आहे. राजाने, दैवाने किंवा चोराने नेलेली ठेव भरून देण्याची सक्ती याज्ञवल्क्य करीत नाही. स्वतःच ती वापरणाऱ्याला मात्र तो दंड सांगतो.

हे सारे मला आठवले ते मामांच्या बंदुकीमुळे. मामा वारले आणि पिकाच्या राखणीसाठी घेतलेली त्यांची दुनळी बंदूक मागे राहिली. मामी म्हणाल्या, “अरे, तू प्रोफेसर ना? मग सांग, या धुडाचं करू काय?”

परवानाधारक गेला की त्याचा परवाना घरच्यांच्या कामाचा राहत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याचे 21 वे कलम सांगते, की बाळगण्याचा हक्क संपलेले शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे. वारसाला रीतसर परवाना मिळाला तर ते परत घेता येते. नाही तर हक्क असलेल्या माणसाला विकता येते. मुदतीत दोन्हींपैकी काहीच झाले नाही, तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात.

मामींनी दुकानदार पसंत केला. पावती हाती आली, तिच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले होते: ‘गहाळ अथवा खराब झाल्यास दुकानदार जबाबदार नाही.’ मामींचा चेहरा उतरला.

येथे 1872 चा करार कायदा उपयोगी पडतो. त्याचे 151 वे कलम म्हणते, की ठेव घेणाऱ्याने ती तितक्याच काळजीने सांभाळावी, जितक्या काळजीने सामान्य समंजस माणूस आपली तशाच किमतीची वस्तू सांभाळील. एवढी काळजी घेऊनही चोरी झाली, तर 152 व्या कलमाने, वेगळा करार नसेल तर, तो मोकळा. पण ती घेतली होती हे दाखविण्याचा भार त्याच्यावरच. कपाटाला कुलूप नसेल, नोंदवही अपुरी असेल, तर ‘चोराने नेली’ म्हणून सुटका नाही. ठरल्याविरुद्ध कोणाला वापरायला दिली, तर होणाऱ्या नुकसानीला तोच जबाबदार (154). योग्य वेळी परत केली नाही, तर पुढच्या हानीची जोखीमही त्याचीच (161). राहिली ती छापील ओळ. अशा ओळीने निष्काळजीपणालाही अभय मिळते का, यावर न्यायालयांत मतभेद झालेले आहेत. तेव्हा वाचकहो, सही करण्याआधीच ती खोडून घ्यावी हे उत्तम.

मात्र दुकानदाराचीही एक अडचण ध्यानात घ्या. साडी किंवा घड्याळ मालकाने मागताच देता येते; बंदूक तशी देता येत नाही. घेणाऱ्याला ती बाळगण्याचा हक्क आहे की नाही, याची खात्री न करता दिली, तर 29 व्या कलमाखाली दुकानदारच गुन्हेगार ठरतो. म्हणून परवाना पाहिल्याशिवाय तो बंदूक देत नसेल, तर त्याला आडमुठा म्हणू नये.

निवडणुकांच्या दिवसांत अनेकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. 2019 च्या दुरुस्तीने तर परवान्यावरील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. तेव्हा हा प्रश्न एकट्या मामींचा नाही. बंदूक ठेवायची झाली, तर तिचा क्रमांक, तिची अवस्था आणि ठेवल्याची तारीख पावतीवर लिहून घ्या. दुकानदाराकडे ठेव स्वीकारण्याचा परवाना आहे का, हे डोळ्यांनी पाहा. जमलेच तर दोन छायाचित्रेही काढून ठेवा. चारुदत्तासारखी माणसे नाटकात भेटतात. बाजारात मात्र पावतीच चारुदत्त!