एस्टोनियाचा गाता उन्हाळा

बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेला, जेमतेम पंधरा लाख वस्तीचा एस्टोनिया १९८८ साली सोव्हिएत संघाचा भाग होता. त्या उन्हाळ्यात तेथे जे घडले, त्याला व्यंगचित्रकार हाइन्त्स वाल्क यांनी जून महिन्यातच ‘गाती क्रांती’ असे नाव दिले. या नावामुळे सारे काही उत्स्फूर्त होते असा समज होऊ शकतो. वास्तविक त्या गाण्यामागे शतकाहून अधिक काळाची तालीम होती आणि या घटनेचे खरे महत्त्व तिथेच शोधावे लागते.

शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी भूदासत्वाची प्रथा दक्षिण एस्टोनियात संपल्याला पन्नास वर्षे झाली, त्या निमित्ताने १८६९ मध्ये तार्तू शहरात पहिला गीतोत्सव भरला. आठशेहून अधिक हौशी गायक-वादक त्यात सहभागी झाले, मात्र ते सर्व पुरुषच होते. युरोपीय वृंदगायनात उंच आणि खालच्या पट्टीचे आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरावली गातात आणि त्या सर्वांच्या मेळातून एक गीत उभे राहते. आपल्याकडील पोवाड्यात शाहीर पुढे गातो आणि झीलकरी त्याला साथ देतात. वृंदगायनात असा एकच म्होरक्या आवाज असावाच लागत नाही, मात्र प्रत्येकाला आपला भाग चोख पाठ असावा लागतो. त्यामुळे गावोगावी शिक्षक, शेतकरी आणि कामगार तालमींना नियमित जमू लागले, आणि त्या तालमींतून एकत्र येण्याची, एकमेकांचे ऐकण्याची शिस्त नकळत रुजली. पुढे आलेल्या सोव्हिएत सत्तेने हे उत्सव बंद केले नाहीत, त्यांत आपली स्तुतिगीते घुसवली. १९५० मध्ये तर तीन नामवंत वृंदसंचालकांना अटक झाली. तरीही गुस्ताव एर्नेसाक्स यांनी स्वरबद्ध केलेले, कवयित्री लिदिया कोइदुला यांचे मातृभूमीविषयीचे गीत लोकांनी जपले आणि पुढे तेच त्यांचे अनधिकृत राष्ट्रगीत ठरले.

उघड चळवळीला तोंड फुटले ते मात्र खतासाठी लागणाऱ्या खनिजावरून. ईशान्य एस्टोनियात फॉस्फोराइटच्या नव्या खाणी काढण्याची मॉस्कोची योजना १९८७ च्या आरंभी उघडकीस आली. भूजल दूषित होईल आणि खाणींसाठी बाहेरून मोठ्या संख्येने कामगार आणले जातील, या भीतीने विद्यार्थी व शास्त्रज्ञ एकत्र आले. संगीतकार आलो मात्तीसेन यांनी त्याच सुमारास एका प्रदेशाचे संकट साऱ्या देशाचे मानणारे गीत रचले, आणि अखेर योजना मागे पडली. पाण्याच्या प्रश्नावर विरोध करता येतो आणि तो यशस्वीही होतो, हा अनुभव लोकांच्या गाठीशी आला.

१९८८ च्या मे महिन्यात तार्तूच्या संगीत महोत्सवात मात्तीसेन यांची देशभक्तिपर गीते सादर झाली. जूनमध्ये राजधानी टालिनमध्ये जुन्या शहराचा उत्सव चालू असता लोक रात्री गीतोत्सवाच्या मैदानाकडे वळू लागले. त्या अक्षांशावर जूनमध्ये रात्रभर संधिप्रकाश रेंगाळतो, त्यामुळे गाणे पहाटेपर्यंत चाले. बंदी असलेले निळा-काळा-पांढरा हे राष्ट्रीय रंग गर्दीत फडकू लागले आणि महिना संपण्यापूर्वीच शासनाला त्यांना मान्यता द्यावी लागली. एडगर साविसार यांनी एप्रिलमध्ये सुचवलेल्या ‘लोकआघाडी’ या जनचळवळीच्या शाखा या काळात ठिकठिकाणी उभ्या राहिल्या. ११ सप्टेंबरला त्याच मैदानावर विराट जनसमुदाय जमला आणि वारसा-संरक्षण संस्थेचे त्रिविमी वेल्लिस्ते यांनी तेथे स्वातंत्र्याची मागणी जाहीरपणे मांडली.

या चळवळीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून मोठा भाग एस्टोनियन नव्हता; त्यात बहुसंख्य रशियन भाषक होते, आणि एस्टोनियन भाषेतील या गाण्यांत त्यांच्यापैकी अनेकांना स्वतःची जागा दिसत नव्हती. हा दुरावा स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही. तथापि १६ नोव्हेंबर १९८८ रोजी एस्टोनियाच्या विधिमंडळाने संघराज्याच्या कायद्यांपेक्षा स्वतःचे कायदे श्रेष्ठ असल्याची घोषणा केली, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाला.