टोकियोचे वार्तापत्र : उभे राहण्याचा हुकूम

टोकियो, मार्च

इकडे मार्च म्हणजे शाळांच्या निरोप समारंभांचा महिना. व्यासपीठावर लाल सूर्याचा ध्वज, काळ्या कपड्यांतले पालक, आणि ‘किमिगायो’ हे राष्ट्रगीत सुरू झाले की सगळे सभागृह उभे. गीत मिनिटभराचे. त्या मिनिटापायी या देशात वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले.

दुखणे जुने आहे. १८९०च्या राजाज्ञेने सम्राटनिष्ठा हा शिक्षणाचा पाया ठरवला. मुलांनी ती तोंडपाठ केली आणि त्यांतलीच कितीतरी पुढे युद्धात मेली. १९४८ साली संसदेने ती मोडीत काढली. विद्यार्थ्यांना पुन्हा रणांगणावर धाडणार नाही, असे शिक्षक संघटनेने १९५१मध्ये ठरवले. ध्वज-राष्ट्रगीताचा कायदा झाला १९९९ साली. चारच वर्षांनी टोकियोच्या शिक्षण मंडळाने फर्मान काढले : शिक्षकांनी ध्वजाकडे तोंड करून उभे राहून गायलेच पाहिजे. न ऐकणाऱ्या शेकडो शिक्षकांवर कारवाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये उभे राहण्याचा आदेश वैध ठरवला. पुढच्या वर्षी मात्र पगारकपात, निलंबन जपून करा, असे बजावले. याउलट आपल्या भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये, राष्ट्रगीताला उभ्या राहणाऱ्या पण न गाणाऱ्या केरळच्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावले. मला तो निकाल अभिमानाचा वाटतो.

याच जपानी शाळांत मुले रोज सफाई करतात. ओल्या फडक्यावर दोन्ही हात टेकून, ओणवी होऊन, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी पुसत पळतात. शिक्षकही सोबत पुसतात. तेव्हा देशाचे नाव कोणी काढत नाही.

शाळेने देशप्रेम शिकवावे का? जरूर शिकवावे, आणि आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात त्यासाठी लांब जायला नको. मोहरमचे गगनचुंबी ताबूत ‘आधी कळस, मग पाया’ असे बांधले जातात. त्यांना हिंदू-मुसलमान दोघांचे हात लागतात, आणि ताबुतांच्या भेटींच्या वेळी मेळे ऐक्याची गाणी म्हणतात. शेजारी कुंडल आहे. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड यांच्या ब्रिटिशांविरुद्धच्या प्रतिसरकारचा इतिहास तिथे घरोघरी आहे. तो त्यातल्या कठोर शिक्षांसकट मुलांना सांगावा. बांधणी चालू असताना मुलांना ताबुतांपाशी न्यावे, कारागिरांना प्रश्न विचारू द्यावेत. आणि राष्ट्रगीताच्या वेळी एखादे पोर गप्प उभे राहिले, तर गुरुजींनी त्याचे नाव टिपून घेऊ नये. मधल्या सुट्टीत जवळ बसवून त्याच्या मनात काय आहे ते ऐकावे.